दोन रात्रींची पाहुणी

हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर चौदा खोल्या होत्या आणि त्या चौदा खोल्यांतल्या पलंगांवर अठ्ठावीस वर्षं एकाच बाईने चादरी घातल्या. चादर अशी ताणून बसवायची की वरून हात फिरवला तर काचेवरून फिरल्यासारखा वाटावा. कुठे बोटभर सुरकुती राहिली तर ती सगळा पलंग मोडून पुन्हा घालत असे. म्हणून हॉटेलात तिला सगळे सुरकुतीबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले आणि निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या कागदावरही कोणीतरी तेच नाव लिहिलं. तिला राग आला नाही. नाव कामावरून पडलंय, तोंडावरून नाही, असं ती म्हणायची.

प्रत्येक खोलीतल्या टेबलावर एक कार्ड ठेवलेलं असे. 'जवळपासची पाहण्यासारखी नऊ ठिकाणं.' जुना पूल, संग्रहालय, काचघराची बाग, मोठं वाचनालय असं करत करत शेवटी नववं, घड्याळाचा मनोरा. ते कार्ड पुसून, टेबलाच्या कडेला बरोबर समांतर ठेवणं हा तिच्या कामाचा भाग होता. रोज चौदा वेळा ठेवून ते तिला पाठ झालं होतं. पाहुणे व्हरांड्यात थांबवून मनोऱ्याचा रस्ता विचारत आणि ती कार्डावरचं न अडखळता सांगे, पूल ओलांडून डावीकडे, पाच मिनिटं. मात्र त्या नऊपैकी तिने फक्त जुनी मंडई पाहिली होती, तीही भाजीच्या बाजूने.

दरवर्षी एक वृद्ध पाहुण्या बाई यायच्या. त्यांनी एकदा मनोऱ्यावरून आल्या आल्या तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं की वरून सगळं शहर दिसतं, तुमचं हॉटेलसुद्धा दिसतं, खिडक्या मोजता येतात. तिच्या हातात उशीचा अभ्रा होता, ट्रॉली दारात अडली होती. ती घाईत म्हणाली, "हो ना." जणू काही ती दर रविवारी तिथे जाते. बाई निघून गेल्या, अभ्रा उशीवर चढला, पण ते 'हो ना' तिच्या मनात कुसळासारखं राहून गेलं. आपण एवढं साधं खोटं का बोललो, याचं तिला राहून राहून नवल वाटे.

निवृत्तीला हॉटेलने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं नाही. मॅनेजरसाहेब जरा वेगळ्या विचारांचे होते. त्यांनी एक पाकीट दिलं, आत चिठ्ठी: दोघांसाठी दोन रात्रींचा मुक्काम, नाश्त्यासह. टाळ्या वाजल्या. घरी आल्यावर लेकीने चिठ्ठी वाचली आणि अगदी सहज म्हणाली, "आई, हे आम्हाला दे. तू तिथे जाऊन काय करणार? तिथेच तर होतीस इतकी वर्षं."

"तिथे होते," सुरकुतीबाई म्हणाली, "पण राहिले कधी?"

लेक हसली, तिला वाटलं आई गंमत करतेय. पण आईने पाकीट कपाटात ठेवलं, कपाटाला किल्ली लावली आणि किल्ली कमरेला खोचली, तेव्हा लेकीने विषय सोडला.

घाई करण्याचं कारण गुडघे होते. अठ्ठावीस वर्षं पलंगाभोवती वाकून, बाथरूमच्या फरशीवर टेकून दोन्ही गुडघ्यांची वाट लागली होती. शस्त्रक्रियेची तारीख पडली, शुक्रवारी दाखल व्हायचं. तिने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, नंतर उंच जिना चढता येईल का? डॉक्टर म्हणाले, सहा महिने तर नाहीच, मग पुढे बघू. हे 'पुढे बघू' तिने जन्मभर ऐकलं होतं. त्याच दुपारी तिने हॉटेलला फोन करून सोमवार आणि मंगळवारच्या रात्री पक्क्या केल्या. बुधवारी बारा वाजेपर्यंत नऊच्या नऊ ठिकाणं बघायची, मनोऱ्यासकट. शुक्रवारी गुडघे डॉक्टरांच्या ताब्यात देऊ, तोवर ते आपले.

नवऱ्याला हे फारसं पटलं नाही. तो शहरबसचा ड्रायव्हर होता, तिच्या आधी चार वर्षं निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं, ती सगळी ठिकाणं त्याच्या रस्त्यावरची होती, तीस वर्षं रोज सहा वेळा त्यांच्यावरून गेलोय, त्यात काय बघायचं? पण नाश्त्यासह म्हटल्यावर तो तयार झाला.

सोमवारी दुपारी दोघं हॉटेलपाशी आले आणि तिचे पाय आपोआप मागच्या गल्लीकडे वळले. तिथे कामगारांचं फाटक होतं. नवऱ्याने दंडाला धरून तिला पुढच्या बाजूला आणलं. दारवान तिच्याबरोबर पंधरा वर्षं मागच्या फाटकाशी चहा प्यायलेला. त्याने काचेचं दार उघडलं, वाकला आणि हळूच म्हणाला, "या मॅडम. पाय पुसून या, नाहीतर आतल्या बायका ओरडतात." ती हसली आणि खरोखरच पाय पुसून आत गेली.

खोली तिला तिच्याच चौथ्या मजल्यावर मिळाली. त्या मजल्याचं काम आता जिच्याकडे होतं, ती चाळिशीची बाई तिच्याच हाताखाली शिकलेली. तिच्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, म्हणून तिला सगळे कुरकुर म्हणत. स्वभावाने मात्र ती अजिबात कुरकुरी नव्हती. सुरकुतीबाईने तिला एक गोष्ट घोटून शिकवली होती: खोली रिकामी झाली की नाही हे कोणाला विचारायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. पलंग बघायचा, बेसिन बघायचं, कपाट बघायचं. माणूस राहत असला तर खोली सांगते.

सोमवारी दुपारी बाग आणि वाचनालय झालं. बागेतल्या काचघरात इतका दमट उकाडा होता की नवऱ्याचा चष्मा धुरकटला. त्याने तो काढून पुसला, पुन्हा धुरकटला, पुन्हा पुसला. शेवटी तिनेच तो ओढून घेतला आणि त्याला पाटीवरची झाडांची नावं वाचून दाखवली.

मंगळवारी ती नेहमीप्रमाणे पाचला उठली. नवरा अंघोळीला गेला तेवढ्यात तिने पलंग आवरला. मुद्दाम ठरवून नव्हे, समोर पलंग होता आणि हात मोकळे होते, एवढंच. मग बेसिन कोरडं केलं, पेले पालथे घातले, टॉवेल तिघडी घालून दांडीवर टाकले, केराची टोपली बाहेरच्या पिशवीत रिकामी केली, टेबलावरचं कार्ड सरळ केलं. नवरा बाहेर आला आणि दारातच थबकला.

"आपण इथे झोपलो होतो ना?" त्याने विचारलं.

तिला ती शाबासकी वाटली.

निघताना तिने दोघांची एकुलती एक बॅग उचलली आणि व्हरांड्याच्या टोकाच्या चादरींच्या खोलीत तिसऱ्या खुंटीला अडकवली. तिची पिशवी अठ्ठावीस वर्षं तिथेच असायची. पाहुण्यांच्या खोलीत आपलं सामान कसं ठेवायचं, असं काहीतरी तिच्या मनात असावं. खाली काउंटरवर नवा रिसेप्शनवाला फोनवर बोलत होता. तिने खोलीची किल्ली त्याच्यासमोर ठेवली आणि ती बाहेर पडली. इमारतीबाहेर जाताना किल्ली अंगावर न्यायची नाही, असा कामगारांना सक्त नियम होता. तिने तो एकदाही मोडला नव्हता.

तो दिवस फार छान गेला. ती काठी टेकत चालली. दर अर्ध्या तासाने बसली, पण ठिकाण एकही सोडलं नाही. संग्रहालय नवऱ्याला आजवर फक्त डावीकडे वळताना जपायचा कोपरा म्हणून माहीत होतं. आत त्याला एक जुनी घोडागाडी सापडली. तिचा ब्रेक कुठे असेल यावर त्याने पाऊण तास खर्च केला, आणि पहारेकऱ्याशी वादही घातला. जुन्या पुलावर तो कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिला. पाण्यात कमानींची उलटी रांग दिसत होती.

"तीस वर्षं या पुलावरून गेलो," तो म्हणाला, "पण नजर समोर ठेवायला लागायची. पूल कसा आहे ते आज कळलं."

घरून आणलेल्या, कोपरा दुमडलेल्या जुन्या कार्डावर तिने पेन्सिलीने आठव्या ठिकाणापुढे खूण केली. मनोरा उद्या सकाळी, पाय ताजे असताना. मनोऱ्याच्या पायथ्यावरूनच ते परतले. तिने मान वर करून एकदा त्याच्या टोकापर्यंत बघून घेतलं.

साडेपाचला हॉटेलवर आले तर काउंटरवर किल्ली नव्हती. रिसेप्शनवाला गोंधळला. म्हणाला, तुम्ही तर सकाळीच गेलात. किल्ली परत दिलीत, मजल्यावरून खोली रिकामी झाल्याचा निरोप आला, विमा कंपनीची बैठक होती, त्यांचे लोक आले, खोली त्यांना दिली. दोन रात्री लिहिल्या होत्या हे त्यानेही बघितलं होतं, पण फुकटचा मुक्काम म्हटल्यावर लोक एका रात्रीत कंटाळत असतील, असं त्याला वाटलं.

कुरकुरला खाली बोलावलं. ती आली, सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, पलंग बघितला, सुरकुती नाही. बेसिन कोरडं. कपाट उघडलं, आत काही नाही," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

सुरकुतीबाईने तिच्याकडे बघितलं. रागवावं असं काही नव्हतं. या बाईने तिने शिकवलं तसं काम अगदी चोख केलं होतं. खोलीने खरं तेच सांगितलं होतं, इथे कोणी राहत नाही. एक अख्खी रात्र पाहुणी म्हणून काढून तिने स्वतःच्या हाताने आपल्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या.

मॅनेजरसाहेब आले. माणूस सज्जन होता, त्याला खरंच वाईट वाटलं. हॉटेल भरलंय, तो म्हणाला. सहाव्या मजल्यावर एक खोली आत्ताच उशिरा सुटली आहे, पण ती अजून तशीच पडली आहे, आवरणाऱ्या बायकांची वेळ संपली, एक फक्त कुरकुर आहे, तीही निघायच्या बेतात. त्यापेक्षा आजची रात्र कामगारांच्या विश्रांतीच्या खोलीत काढा, गादी स्वच्छ आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन रात्री या, चार या. "तुम्ही काय परक्या आहात का?" तो आपुलकीने म्हणाला.

आजवर या वाक्यापुढे तिने नेहमी मान डोलावली होती. सुटीच्या दिवशी बोलावलं तेव्हा हेच ऐकलं होतं, दुसरीचा मजला अंगावर पडला तेव्हाही हेच. आताही मान डोलायला निघालीच होती, पण ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"आज परकीच आहे, साहेब," ती म्हणाली. "दोन दिवस परकी राहायला आले आहे. पुढच्या महिन्यात माझे पाय माझे नसतील."

तिने आवाज चढवला नव्हता, तरी सोफ्यावरच्या दोन विमावाल्यांनी वर्तमानपत्रं खाली केली. मॅनेजरने दोन क्षण तिच्याकडे बघितलं आणि सहाव्या मजल्याची किल्ली मागवली. तिला इतकं हायसं वाटलं की ती लगेच म्हणाली, नुसत्या चादरी द्या, मी सात मिनिटांत खोली लावून घेते, कुरकुरला घरी जाऊ दे. मॅनेजरचा चेहरा खुलला. सगळ्यांची सोय होत होती.

"नाही," नवरा म्हणाला. इतका वेळ तो काउंटरवरची टाचणी बोटांत फिरवत उभा होता. "ती बसेल."

"अहो, सात मिनिटांचं काम आहे."

"म्हणूनच. सात मिनिटं बसता येत नाही तुला. निवृत्त झाल्यावर मी बसमध्ये मागे बसतो ना? ड्रायव्हरला सांगतो का ब्रेक कधी दाबायचा?"

"सांगता. मागच्या आठवड्यात दोनदा सांगितलंत."

"ते सोड," तो म्हणाला. "तू आज पलंगाला हात लावलास तर मी घरी जातो. नाश्ता न करता."

याहून मोठी धमकी त्याच्याजवळ नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

कुरकुर आपणहून थांबली. माझ्यामुळे झालंय तर मीच करते, म्हणाली, आणि तिसऱ्या खुंटीवरची बॅगही घेऊन आली. सहाव्या मजल्यावरच्या खोलीत सुरकुतीबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवले. कुरकुरने चादर झटकली, हवेत फुगवली, टाकली, चारी कोपरे दुमडले. दिवसभर राबून तिचे हात दमले होते. पायाकडच्या डाव्या कोपऱ्याशी एक तिरकी सुरकुती राहिली. अर्धी वीत, फार नाही. सुरकुतीबाईला ती तिथून लख्ख दिसली. तिच्या उजव्या पायाची टाच जमिनीवरून उचलली गेली आणि पुन्हा टेकली.

"ताई, बरोबर?" कुरकुरने विचारलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छान झालंय. जा आता, घरी वाट बघत असतील."

त्या रात्री ती सुरकुती तिच्या पायाखाली होती. तिने अंगठ्याने एकदा चाचपून बघितली आणि मग तिला झोप लागली.

बुधवारी सकाळी मात्र तिने मन घट्ट केलं. पलंग जसा होता तसाच राहू दिला. पांघरूण अर्धं जमिनीवर, एक उशी पायथ्याशी, नवऱ्याचा टॉवेल खुर्चीच्या पाठीवर, बॅग उघडी. दारापर्यंत गेली आणि एकदा मागे वळली. नवरा दार धरून उभा होता. त्याने दार आणखी थोडं उघडलं. मग तिने दारामागचा 'कृपया त्रास देऊ नये' हा फलक काढला. हा तिचा जुना वैरी. हा लटकवून झोपलेले लोक बारा वाजायला दहा मिनिटं असताना दार उघडत आणि मग सगळी खोली तिला धावतपळत करावी लागे. अशा लोकांविषयी ती काय काय बोलली होती ते तिचं तिलाच आठवत होतं. तिने फलक बाहेरच्या मुठीला लावला. किल्ली पर्समध्ये टाकली, चेन ओढली आणि वरून थोपटलं.

मनोऱ्याच्या दाराशी तिकीटवाल्याने काठीकडे बघून सांगितलं की वर लिफ्ट नाही, एकशे चौसष्ट पायऱ्या आहेत. ती म्हणाली, "आहेत ना? मग चढते."

प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय, मग काठी, मग उजवा पाय त्याच पायरीवर. मागून येणारे लोक भिंतीला चिकटून पुढे जात. नवरा एक पायरी खाली राहून चालत होता आणि दर वीस पायऱ्यांना आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे पुकारत होता. रुग्णालय. शाळा. पोस्ट. मंडई. आवाज त्या गोल जिन्यात घुमत वर जाई आणि वरून कोणीतरी हसे. पहिल्या बाकावर ते दहा मिनिटं बसले. दुसरा बाक शंभराव्या पायरीपुढे होता. त्याच्या अलीकडेच तिच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि ती पायरीवरच बसली. चेहरा पांढरा पडला होता.

नवऱ्याने थांबे पुकारायचे थांबवले. तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला की उतरू या. आठ झाली की, नववं नाही झालं तर कोण विचारणार आहे?

"एका बाईला मी 'हो ना' म्हटलंय," ती म्हणाली. तिने त्याला तो किस्सा कधी सांगितला नव्हता, तो आता सांगितला, धापा टाकत, तुकड्या-तुकड्यांनी. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "पुढचा थांबा वाचनालय." आणि तिच्या काखेखाली हात घातला.

वर पोचायला सगळी मिळून पन्नास मिनिटं लागली. वर वारा होता. कठड्याला धरून ती आधी नुसती श्वास घेत उभी राहिली. मग पाहिलं. नदी, कमानींचा पूल, काचघराचं चकाकणारं छप्पर, मंडईचा पत्रा. आणि पुलाच्या पलीकडे हॉटेल. खिडक्या खरोखर मोजता येत होत्या. चौथ्या मजल्यावर या बाजूला सात, सातही खिडक्यांचे पडदे सारखे. तिने आणखी वर बघितलं.

"ती आपली," ती म्हणाली.

"कशावरून?"

"पडदा वाकडा आहे."

"तो मी ओढला होता," नवरा म्हणाला. ते ऐकून तिला हसू आलं, कठडा सोडून डोळे पुसावे लागले इतकं.

उतरणं चढण्याहून अवघड गेलं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. पायथ्याशी बसून तिने दुमडलेल्या कार्डावर नवव्या ठिकाणापुढे खूण केली. 'पाच मिनिटं' हे शब्द खोडले आणि लिहिलं: 'पायऱ्या १६४. बाक दोन. गुडघे दुखत असतील तर सकाळी जावं. खिडक्या मोजता येतात.'

हॉटेलवर पोचले तेव्हा अकरा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. रिसेप्शनवाला या वेळी उभा राहिला. अदबीने म्हणाला, निघताय ना, किल्ली घेऊ का?

"बारा वाजता," सुरकुतीबाई म्हणाली.

वर जाऊन तिने लिहिलेलं कार्ड टेबलावर हॉटेलच्या कार्डाशेजारी ठेवलं, थोडं तिरकंच. नवरा बॅग भरायला लागला. तिने बूट काढले आणि त्या मोडलेल्या पलंगावर, गोळा झालेल्या चादरीवरच, पाठ टेकली. गुडघ्यांत ठणका होता. छताला एक बारीक तडा गेला होता. या हॉटेलातलं छत तिने कधी असं आडवं होऊन बघितलंच नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात एक चाक कुरकुरत जवळ आलं. आज कुरकुरला सहावा मजलाही होता म्हणायचा. चाक दाराशी थांबलं. नवऱ्याने बॅग भरता भरता तिच्याकडे बघितलं. ती हलली नाही. फलक वाचायला लागतो तेवढा वेळ गेला, मग चाक वळलं आणि कुरकुरत पुढच्या खोलीकडे गेलं.